पुण्याचं ‘पण’ झालं तेव्हा

‘मॅडम, मला उशीर झालाय का?’ हा प्रश्न पूर्वी माझ्याकडे बहुतेक वेळा लग्नाच्या संदर्भात यायचा. गेली तीन-चार वर्षं तो मशीन लर्निंगच्या, म्हणजे यंत्राला उदाहरणांवरून शिकवायच्या शास्त्राच्या, संदर्भात येतोय. आणि विचारणारे तरी कोण कोण! बी.कॉम. झालेली मुलगी, औषध कंपनीचा प्रतिनिधी, सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. केलेली बाई, बँकेत अठरा वर्षं काढलेले गृहस्थ. म्हणणं थोड्याफार फरकाने एकच. घरी बसून, व्हिडिओ बघून शिकलो. नुसती नोकरी नकोय, यात संशोधन करायचंय. पण मी कॉम्प्युटर सायन्सचा नाही, गाइड नाही, नावाजलेलं कॉलेज नाही, या कामाला लागणारं महागडं जीपीयू कार्ड नाही. सुरुवात कुठून करू? मग आवाज जरा खाली येतो. माझ्यासारख्याने करावं का हे?

पहिला प्रश्न माझ्या प्रांतातला नाही, दुसरा आहे. नाशिकमध्ये पंचवीस वर्षं समुपदेशनाचं काम केल्यावर एवढं मात्र कळलंय, की असे दोन प्रश्न जोडीने आले की पहिल्याचं उत्तर दुसऱ्याने अडवून धरलेलं असतं. म्हणून प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला अमोल म्हणू. ओळख पटेल असं सगळं बदललंय, दोघा-तिघांचे तपशील एकात मिसळलेत, आणि त्यांना विचारून लिहितेय.

अमोल २९ वर्षांचा. आधी डिप्लोमा, मग मेकॅनिकलची डिग्री. अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी. घरची निफाड तालुक्यात द्राक्षबाग. माझी वेळ त्याने घेतली नव्हती, बायकोने घेतली होती. ‘रात्री दोनपर्यंत शिकतो. काय शिकतो ते सांगत नाही. मोबाइलवर कुणाचा तरी रिसर्च पेपर ॲक्सेप्ट झाल्याचं दिसलं की त्या दिवशी जेवत नाही,’ एवढी माहिती तिने फोनवरच दिली. मी त्याला अहो-जाहो करून सुरुवात केली, तर पहिल्या पाच मिनिटांत म्हणाला, ‘मॅडम, मला अरे-तुरेच करा, नाहीतर साहेबांसमोर बसल्यासारखं वाटतं.’

त्याने पिशवीतून एक फाइल काढली. चौदा कोर्सची चौदा प्रमाणपत्रं. त्याखाली रंगीत पेनांनी आखलेलं वेळापत्रक: दिवाळीपर्यंत रेषीय बीजगणित, संक्रांतीपर्यंत संभाव्यता, मग ऑप्टिमायझेशन, आणि ‘पुढच्या जूनपासून संशोधन’. मागच्या वर्षीचंही वेळापत्रक त्याच फाइलमध्ये होतं. त्यातही जूनच होता.

‘या चौदापैकी कुठल्या कोर्समध्ये तू चुकलास?’ मी विचारलं.

‘नाही मॅडम, सगळ्यात नव्वदच्या वर आहेत.’

‘मार्क नाही विचारत. चुकलास कुठे?’

‘चुकणार कसा? डेटा त्यांचा, कोड त्यांचा. मधल्या चार ओळी रिकाम्या ठेवतात, त्या आपण भरायच्या. शेवटी त्यांचंच उत्तर येतं.’

गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात. डब्याशिवाय पहिल्या दिवशी कुणी उतरू नये, हे खरंच आहे. पण चौदावा डबा बांधून घेणाऱ्याला पोहण्यापेक्षा डब्याची सवय लागलेली असते. कोर्सविरुद्ध माझं काही नाही. फक्त कोर्समध्ये चुकायची सोय नसते, आणि संशोधनात बाकी काही नसलं तरी ती सोय भरपूर असते.

त्या पहिल्या तासात मी एक गोष्ट मोजली. अमोल ‘मगच’ हा शब्द सात वेळा बोलला. गणित पक्कं झालं की मगच. मास्टर्स झालं की मगच. चांगला लॅपटॉप आला की मगच. मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या परंपरेतली, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसला गुरू मानणारी. माणसाला परिस्थिती जेवढी छळते त्याहून जास्त परिस्थितीबद्दलचे त्याचे हट्ट छळतात, असं मानणारी. मराठी या कामाला फार सोयीची भाषा आहे. हट्ट कुठे दडलाय हे शोधायला मला खोल खणावं लागत नाही, तो ‘च’वर बसून असतो.

‘समज, गणित पक्कं व्हायच्या आधीच सुरू केलंस. काय होईल?’

‘जमणार नाही.’

‘नाही जमलं. पुढे?’

बराच वेळ टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिला. ‘मग कळेल ना, की आपल्यात ते नाहीच.’

म्हणजे वेळापत्रक संशोधनाकडे नेणारं नव्हतंच. निकाल लागू नये म्हणून परीक्षा पुढे ढकलायची ती व्यवस्था होती, आणि चोख व्यवस्था होती. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठांची हीच असते.

आता ‘गणित किती लागतं’ हा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. माझं गणित अकरावीत सुटलं, त्यामुळे या विषयात शिकवणाऱ्या, पूर्वी माझ्याकडे येऊन गेलेल्या एका प्राध्यापिकेला विचारलं. तिचं उत्तर मला आवडलं. मॅट्रिक्सने गुणलं म्हणजे काय होतं हे डोळ्यांसमोर यावं. बारावीतला अवकलनाचा साखळी नियम हाताने करता यावा. शक्यता आणि सरासरी यांच्याशी गप्पा मारता याव्यात. एवढ्यावर निघावं, आणि जिथे अडेल तिथे थांबून तेवढं शिकावं. न्यूरल नेटवर्क, म्हणजे मशीन लर्निंगमधला शिकणारा प्रोग्रॅम, ज्या पद्धतीने आपली चूक उलट दिशेने वाटून घेतं, ती पद्धत १९८६ साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी ‘नेचर’मधल्या चार पानांत मांडली, आणि तिच्या गाभ्याशी तोच बारावीचा साखळी नियम आहे, हेही तिनेच सांगितलं. अमोलला मी हे ऐकवलं तर म्हणाला, ‘हे माहितेय मला.’ माहीत होतं. उपयोगी पडलं नव्हतं, इतकंच.

एक विषयांतर. हे सगळे लोक मला रामानुजनचं उदाहरण देतात. त्याला कुठे गाइड होता? मी म्हणते, त्याने १९१३ साली केंब्रिजच्या गणितज्ञ हार्डीला पत्र कशासाठी लिहिलं मग? गाइडच शोधत होता बिचारा. अमोलचं आवडतं उदाहरण वेगळं होतं. २०१२ साली चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत सगळ्यांना मागे टाकणारं अॅलेक्सनेट, क्रिझेव्स्की नावाच्या विद्यार्थ्याने घरच्या खोलीत, गेम खेळायच्या दोन कार्डांवर तयार केलं होतं. प्रत्येक कार्डाला मेमरी ३ जीबी. गोष्ट खरी आहे. पण खोली घरची असली तरी त्याच्या पाठीशी टोरांटो विद्यापीठ आणि खुद्द हिंटन होते. असली उदाहरणं रात्री धीर देतात आणि सकाळी गळ्याशी येतात. मी ती फाइलमधून काढायला लावते.

गृहपाठ दिला तो त्या प्राध्यापिकेच्या सल्ल्यानेच. नवीन काही शोधायचं नाही. कुणीतरी जाहीर केलेलं एक छोटं काम घ्यायचं, ते घरी पुन्हा करून पाहायचं, आणि आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी लिहून आणायचा. छोटं म्हणजे किती? कॅगल ही वेबसाइट फुकट देते त्या जीपीयूच्या आठवड्याच्या साधारण ३० तासांत तीन-चारदा करून होईल एवढं. एकदाच होईल एवढं मोठं घेतलं तर चूक सुधारायला वेळच उरत नाही.

त्याने मराठी निवडली. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्वीटांचा एक संच जाहीर केला होता. प्रत्येक ट्वीट सकारात्मक, नकारात्मक की तटस्थ ते माणसांनी ठरवलेलं. तेच मॉडेलला, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेल्या प्रोग्रॅमला, ओळखायला लावायचं आणि किती टक्के बरोबर येतं ते बघायचं. करणाऱ्यांत इंजिनिअरिंगची मुलंही होती. ‘म्हणजे आपल्यासारखीच,’ असं मी म्हटलं, त्यावर तो म्हणाला, ‘पुण्याची मॅडम.’ ते तिथेच सोडून दिलं.

पुढच्या दोन भेटी त्याने रद्द केल्या. पहिल्यांदा ऑडिट होतं, दुसऱ्यांदा ताप. तिसऱ्यांदा आला तो लॅपटॉप छातीशी धरून.

‘पेपरातल्यापेक्षा बराच कमी आकडा येतोय.’

‘का?’

‘का म्हणजे? लायकी नाही म्हणून.’

इथे धीर द्यायचा मोह होतो. उमेदीच्या काळात मी दिलाही असता, आणि तो कृतज्ञपणे घरी जाऊन पंधराव्या कोर्सला बसला असता.

‘तुमच्या लाइनवर रिजेक्शन वाढलं,’ मी म्हटलं, ‘आणि साहेबांनी कारण विचारलं, तर तू काय सांगतोस? लायकी नाही म्हणून भोक मोठं पडलं?’

तो हसला. माझ्यासमोर पहिल्यांदा. ‘हाकलून देतील.’

‘मग काय करतोस?’

‘आधी पीस हातात घेतो. रिजेक्शनची लाल पेटी असते, ती टेबलावर पालथी करायची. टक्केवारी ऑफिसातले लोक बघतात, आपण पीस बघायचा. सगळे एकाच बाजूने घासलेत का, कडेला धातूची बर, म्हणजे कुसळ, राहिलीय का, सगळे एकाच मशीनचे की वेगवेगळ्या, शिफ्ट कुठली. निम्म्या वेळा मशीनचा दोषच नसतो, मापाचं गेजच चुकीचं वापरलेलं असतं...’

दहा मिनिटं बोलत होता. पाठ ताठ, हात हवेत, बोटांच्या चिमटीत न दिसणारा पीस. त्या दहा मिनिटांत ‘मगच’ एकदाही आला नाही. मी त्याला थांबवलं नाही, कारण माणूस स्वतःच्या जागेवर उभा राहून बोलायला लागला की समुपदेशकाने गप्प बसायचं असतं. हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.

तो थांबल्यावर विचारलं, ‘या लॅपटॉपमध्ये लाल पेटी कुठेय?’

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. तीन मोजल्या मी.

‘मॅडम,’ तो म्हणाला, ‘मी पीस पाहिलेलाच नाही.’

हे वाक्य मी त्याच्या फाइलवर लाल शाईने लिहून ठेवलंय. तीन आठवडे तो टक्केवारीकडे बघत होता आणि ती टक्केवारी स्वतःची मानत होता. मॉडेल नेमकी कुठली ट्वीटं चुकतंय, हे त्याने एकदाही उघडून वाचलं नव्हतं. कारखान्यात जी चूक त्याचा हेल्परही करणार नाही, ती त्याने इथे केली. त्याचं कारण एवढंच, की या विषयात शिरताना त्याने आठ वर्षांचं सगळं शहाणपण चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवलं होतं.

‘आम्ही शून्यापासून सुरुवात करतोय’ हे मला म्हणूनच पटत नाही. बँकेतल्या त्या गृहस्थांना खोटा कागद हाताला कसा लागतो ते कळतं. सूक्ष्मजीवशास्त्रवाल्या बाईंना काही न टाकलेली प्लेट शेजारी ठेवल्याशिवाय प्रयोगाला अर्थ नाही, हे झोपेतही ठाऊक असतं. आकड्यावर संशय कसा घ्यायचा, ही संशोधनातली शिकवायला सर्वांत अवघड गोष्ट. ती यांच्याकडे असते आणि ते वर पायथॉनचा सोळा तासांचा वर्ग लावतात.

गृहपाठ सोपा होता. चुकलेली पन्नास ट्वीटं कागदावर छापायची. प्रत्येकाशेजारी मॉडेलच्या पोटात नेमकं काय गेलं तेही छापायचं. पेनाने वाचायचं. कोड बदलायचा नाही.

चौथ्या दिवशी रात्री साडेअकराला व्हॉट्सअॅपवर संदेश आला: ‘मॅडम पुण्याचं पण झालंय. नाशिक वाचलं.’

खरं सांगते, मी घाबरले. रात्रीच्या जागरणांबद्दल त्याच्या बायकोने सांगितलेलं आठवलं. फोन केला तर पलीकडे तो हसून हसून बोलूच शकत नव्हता.

झालं होतं ते असं. गुगलने २०१८ साली बर्ट नावाचं मॉडेल शंभरेक भाषांच्या विकिपीडियावर शिकवून सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यात मराठीही आहे. त्याचे दोन प्रकार: एक कॅपिटल-स्मॉल भेद पाळणारं ‘केस्ड’, दुसरं न पाळणारं ‘अनकेस्ड’. अमोलने विचार केला, मराठीत कॅपिटल असतं कुठे? घेतलं अनकेस्ड. मला विचारलं असतंत तर मीही तेच घेतलं असतं. पण मजकुराचे तुकडे करणारा त्यातला भाग, ज्याला टोकनायझर म्हणतात, तो सगळं स्मॉल करता करता फ्रेंचसारख्या भाषांत अक्षरांच्या डोक्यावर असतात ती चिन्हंही पुसतो. आणि पुसायचं काय हे तो युनिकोडच्या, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या अक्षरांच्या जागतिक यादीच्या, एका वर्गावरून ठरवतो: वेगळी जागा न व्यापणाऱ्या खुणा. आपले उकार, एकाराची मात्रा, अनुस्वार आणि अक्षराचा पाय मोडायची खूण, हे सगळे त्याच वर्गात! काना, वेलांट्या, ओकार मात्र दुसऱ्या वर्गात, म्हणून ते वाचतात.

त्यामुळे पुणे झालं ‘पण’. सुंदर झालं ‘सदर’. वेडा झाला ‘वडा’, प्रेम झालं ‘परम’, द्राक्ष झालं ‘दराकष’. नाशिकात फक्त एक काना आणि एक वेलांटी, त्याला धक्का नाही. निफाडही शाबूत. मी फोनवर एकेक शब्द सांगत होते आणि तो त्याचं काय होतं ते सांगत होता. रात्री बारा वाजता, पंचवीस वर्षांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच, मी एका क्लायंटबरोबर भेंड्या खेळल्यासारखं काहीतरी केलं. व्यावसायिक मर्यादा वगैरे मला माहीत आहेत.

‘मॅडम’चं काय होतं, हेही त्याने सांगितलं. ‘मडम.’

इथे गोष्ट संपली असती तर छान वाटलं असतं. पुढच्या भेटीला तो पुन्हा पडलेल्या खांद्यांनी आला.

‘हे आधीच माहितेय लोकांना. त्या मॉडेलच्या माहितीपत्रकातच लिहिलंय, इतर लिप्यांसाठी केस्ड वापरा म्हणून. मी ते वाचलंच नव्हतं.’

‘तुला हे कुणी सांगितलं होतं का?’

‘नाही.’

‘मग तुला कसं कळलं?’

‘पीस बघून.’

यावर मी काहीच बोलले नाही. स्वतः शिकणाऱ्यांना इथे फार मोठा धक्का बसतो, आणि पुष्कळ जण इथूनच परत फिरतात. आपल्याला सापडलेलं दुसऱ्याला आधीच सापडलेलं निघणं, ही या वाटेवरची पहिली चांगली बातमी असते. तज्ज्ञांनी जिथे बोट ठेवलं तिथेच तुमचंही गेलं, म्हणजे डोळा बरोबर आहे. आता त्याच जागी अजून एक पाऊल पुढे बघायचं. माहितीपत्रकात ‘अडचण आहे’ एवढंच होतं. मराठीला ती किती भोवते? कुठले शब्द एकमेकांत मिसळतात? मेळा आणि मळा, वेळ आणि वळ, देव आणि दव. त्याने वही केली, द्राक्षांच्या खर्चाची लिहितात तसली लांबट, आणि जोड्या लिहायला लागला. आता त्याच्याजवळ स्वतःचा प्रश्न होता. कुणाच्या कोर्समधला नव्हता.

प्रश्न आला की माणसं लागतात, आणि इथे दुसरं भय उभं राहतं. ‘या विषयातल्या मोठ्या लोकांना मेल कसा करू? हसतील.’ मी त्याला एलिसची गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांचा असताना एलिसला मुलींशी बोलायची इतकी भीती वाटायची, की त्याने न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक बाईशी बोलायचंच असं ठरवलं. तो सांगायचा त्याप्रमाणे १३० जणींपैकी ३० उठून गेल्या, १०० बोलल्या, एकीने भेटायचं कबूल केलं आणि ती आली नाही. पण कुणी ओकलं नाही, कुणी पोलिस बोलावले नाहीत. भीती गेली. (अमोलची बायको त्या दिवशी बाहेर बसली होती. तिला ही गोष्ट सांगू नका, असं तो जाताना म्हणाला.)

त्याने तिघांना मेल केले. पाच ओळींचे: काय केलं, काय दिसलं, कुठे अडलं. ‘मला मार्गदर्शन करा’ असं एकही वाक्य नाही, हा माझा आग्रह. मार्गदर्शन करा म्हणणाऱ्याला काय द्यायचं हे समोरच्याला कळत नाही. नेमका प्रश्न असेल तर उत्तर देता येतं. दोघांचं उत्तर आलं नाही. तिसऱ्याचं एका ओळीचं आलं: ‘किती सीडवर चालवलंत?’

ते काय असतं हे त्याने मला समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता त्यालाच ते नीट समजलं. न्यूरल नेटवर्कमधले काही आकडे सुरुवातीला वाटेल तसे घेतलेले असतात, उदाहरणंही पत्त्यांसारखी पिसून दिली जातात. त्यामुळे तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला तरी आकडा थोडा हलतो. सीड म्हणजे ती पिसण्याची पद्धत पक्की करणारी संख्या. वेगवेगळ्या सीडवर चालवून बघितल्याशिवाय दोन मॉडेलमधला फरक खरा की पिसण्याचा, ते कळत नाही.

‘हे तर गेज आर अँड आर झालं!’ तो म्हणाला. कारखान्यात मापाचं साधन भरवशाचं आहे का ते तपासतात: तीन माणसं, दहा पीस, प्रत्येकाने प्रत्येक पीस दोन-तीनदा मोजायचा. मोजमापच हलत असेल तर पीसवर निकाल देता येत नाही. दर सहा महिन्यांनी तो हे करतो. त्याने केस्ड आणि अनकेस्ड, दोन्ही मॉडेलं पाच-पाच सीडवर चालवली. कॅगलचे दोन आठवड्यांचे तास संपले, झोप मात्र पूर्ण झाली, कारण मशीन चालू असताना करण्यासारखं काही नसतं.

फरक उरला, पण त्याला वाटला होता त्यापेक्षा लहान. सुरुवातीचा मोठा खड्डा काही अंशी त्याच्याच दुसऱ्या एका चुकीमुळे होता: लांब ट्वीटं तो मधेच तोडत होता. नाराज झाला. मला मात्र त्याची ही नाराजी फार आवडली. पूर्वीची नाराजी ‘मी कसा’ याबद्दल होती. ही नाराजी ‘ते असं का’ याबद्दल होती.

आता माझ्याकडे याच वाटेवर येऊ घातलेल्या इतरांसाठी थोडं सांगते, म्हणजे फोनवर पुन्हा पुन्हा सांगावं लागणार नाही.

नोकरी सोडू नका. ज्याच्या डोक्यावर घरभाडं बसलंय, त्याला चुकायची चैन परवडत नाही, आणि चुकल्याशिवाय इथे चालत नाही. आठवड्यात सहा-सात तास, ठरलेल्या वारी, एवढं पुरतं. रोज रात्री दोनपर्यंत म्हणजे अभ्यास नव्हे, प्रायश्चित्त आहे.

कोण हसेल याची भीती वाटत असेल तर आयसीएलआर या मशीन लर्निंगच्या परिषदेकडे आलेल्या पेपरांवरचे परीक्षकांचे अभिप्राय ओपनरिव्ह्यू या वेबसाइटवर वाचा. सगळ्यांना खुले असतात, नाकारलेल्या पेपरांचेसुद्धा. मी अमोलला नाकारलेल्या दहा पेपरांचे वाचायला लावले. मोठ्या विद्यापीठांतल्या लोकांनाही ‘तुलना अपुरी आहे’, ‘एकाच सीडवर का?’ असं ऐकून घ्यावं लागतं, हे बघून त्याचा चेहरा जो उजळला तो कुठल्या प्रमाणपत्राने उजळला नव्हता. शिवाय अशा ठिकाणी बहुधा परीक्षकाला लेखकाचं नाव कळत नाही. तुमची डिग्री मेकॅनिकलची की बी.कॉम.ची, हे तिथे कुणाला दिसतच नाही.

अर्काइव्हवर, म्हणजे पेपर सगळ्यांसाठी खुले ठेवणाऱ्या वेबसाइटवर, पहिल्यांदा काही टाकायचं तर त्या विषयात आधीपासून लिहिणाऱ्या कुणाची तरी शिफारस लागू शकते. त्यासाठीसुद्धा पाच ओळींचे मेल आधीपासून केलेले बरे. २०२२ पासून निघणारं टीएमएलआर नावाचं नियतकालिक आहे, तिथे वर्षभर कधीही पाठवता येतं, पैसे लागत नाहीत. काम किती जगावेगळं आहे यापेक्षा दावा पुराव्याने सिद्ध झालाय का, आणि कुणाला तरी त्यात रस वाटेल का, हे तिथे बघतात. याउलट ‘एवढे हजार भरा, आठ दिवसांत छापतो’ असं म्हणणारे मेल तुम्हाला येतीलच. ते प्रमाणपत्र क्रमांक पंधरा समजा आणि पुसून टाका.

अमोलचं लेखन अजून पूर्ण झालेलं नाही. चार पानं झालीत, त्यातलं एक मी वाचलं, निम्मं कळलं. आता महिन्यातून एकदा येतो, तेही मला वाटतं वही दाखवायला.

मागच्या वेळी सांगत होता. मात्रा पुसलेलं वाचून मॉडेलला एवढं कमी का बिघडतं, हा प्रश्न त्याला सोडत नव्हता. मॉडेल शिकलंच मुळी तसल्या मजकुरावर, म्हणून शेजारच्या शब्दांवरून अंदाज बांधत असेल, हा त्याचा तर्क. मग माणसाला जमतं का ते बघावं, म्हणून चाळीस वाक्यांतल्या त्या खुणा काढून त्याने कागद गावी नेला आणि आईला वाचायला दिला. आई चौथी शिकलेली. चष्मा लावून ओसरीवर बसली आणि तोडक्या अक्षरांना शिव्या घालत भराभर बरोबर वाचत गेली. ‘मला वळ नाही’चं वेळ नाही, ‘दव पावला’चं देव पावला. अमोल शेजारी बसून खुणा करत होता. एका वाक्याला मात्र फसली. मूळ वाक्य होतं ‘बाजार दूर आहे’. कागदावर होतं ‘बाजार दर आह’. आईने न अडखळता ‘बाजारदर आहे’ असं वाचलं आणि पुढे गेली.

आतून वडिलांनी विचारलं, ‘काय निघाला?’

अमोलने वहीत ते वाक्य लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.